उभ्याने खाल्लेली भजी
कांदाभजी तेलात पडल्याचा वास आला की मला सांगलीतली आमची तालीम आठवते. लढाईचे, रेशनचे दिवस होते आणि मी अठरा वर्षांचा होतो. वस्तादांचं पथ्य कडक होतं. आठवडाभर दूध, भाकरी आणि पालेभाजी. तळलेलं फक्त बाजारादिवशी, समोरच्या हॉटेलात एक बशी भजी, तीही आठवड्याच्या तीन हजार बैठका पुऱ्या झाल्या तरच. दर शंभराला मी भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचो. एका आठवड्यात माझा एक दिवस शेतावर उसाच्या लागणीत गेला आणि बैठका राहिल्या, तरी मी हॉटेलात जाऊन बसलो. बशी पुढ्यात आली आणि दारातून वस्ताद म्हणाले, "अठ्ठावीसच रेघा हायत. ऊठ." शेजारी बसलेला तालमीतला जोडीदार हसला. "जा गड्या, तुजी भजी मी संपवतो." "हात लावू नगंस," म्हणत मी सदरा काढला आणि भर बाजारात, हॉटेलच्या दारात बैठका सुरू केल्या. गिऱ्हाइकं बाहेर येऊन मोजू लागली. दीडशेला मांड्या पेटल्या, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने जोडीदारच मोजत होता. दोनशे झाल्यावर वस्तादांनी स्वतः बशी आणून हातात दिली. "खा. आता तुजी हाय." बाकावर बसायला गेलो, तर गुडघे वाकेनात. मग रस्त्यातच ताठ उभं राहून सगळी खाल्ली. पुढे लग्नांत पहिल्या पंगतीला मानाने पुष्कळदा बसलो, पण तसा थाट पुन्हा आला नाही.