काचेआड आंघोळ कोण करणार?

त्यांना सगळे मिलिमीटरमामा म्हणतात, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. न्हाणीघरात काचेचा आडोसा बसवून देणाऱ्या दुकानासाठी हे मामा घरोघरी जाऊन मापं घेतात. सव्वीस वर्षांत आपली एक काच परत आली नाही आणि एक गिऱ्हाईक शहाणं भेटलं नाही, असं ते कोणालाही ऐकवतात. पहिलं दुकानदारही कबूल करतो. दुसरं ऐकून तो हळूच इकडेतिकडे बघतो, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा तिथेच उभं असतं.

पण मामांचं तरी काय चुकतं म्हणा! लोक मोबाईलवर कुठल्याशा हॉटेलचा फोटो बघतात आणि हुरळून जातात. घरी न्हाणीघर हे एवढंसं, आणि त्यात यांना बसवायचा राजवाडा. भिंत तिरकी आहे हे सांगितलं तर तोंड वाकडं करतात. ही काच भट्टीत तापवून कडक केलेली असते, त्यानंतर ती नखभरही कापता येत नाही, हे दहादा सांगावं लागतं. तरी अकराव्यांदा विचारतातच, ‘बसवताना जरा घासून घेता येईल ना?’ घासा, घासा! भाजलेलं मडकं घासून लहान करणारी जात ही.

मामांची एक रीत मात्र बघण्यासारखी. माप घ्यायच्या आधी ते जमिनीवर चिकटपट्टी लावून काचेची जागा आखतात आणि विचारतात, ‘इथे आंघोळ कोण कोण करणार?’ मग घरातल्या एकेकाला कपड्यांनिशी त्या चौकोनात उभं करतात. हात वर करा, डोक्याला साबण लावा, खाली वाका, पाय धुवा. भल्याभल्या साहेबांना त्यांनी असं कोरडं नाहायला लावलंय. कोपर पट्टीबाहेर गेलं की मामा जिभेने ‘च्यक’ करतात. ते ऐकलं की साहेबाचा निम्मा तोरा उतरतो.

त्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेले होते. नवरा-बायको दोघंही चांगल्या नोकरीतली, आणि बोलण्यात तर उंटावरची शहाणी. जुनं न्हाणीघर फोडून झालं होतं, नव्या फरशा बसल्या होत्या. नवरा पारदर्शक काचेवर अडून बसला होता, बायकोला धुरकट हवी होती. दाराच्या कड्यांचा रंग काळा की सोनेरी यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला. मामा पट्टी लावत ऐकत होते. मनात म्हणाले, लग्न ठरवताना तरी एवढा विचार केला होता का यांनी?

दोघांनी चौकोनात उभं राहून आंघोळीचं नाटक केलं. ते निभावलं.

‘आणखी कोण?’ मामांनी विचारलं.

‘कोणी नाही,’ नवरा म्हणाला.

पण मामांनी येताना आतल्या खोलीच्या दाराशी काठी पाहिली होती, आणि तिथून खोकलाही ऐकू येत होता. त्यांना खोटं माप चालत नाही. ‘आत कोण आहे? बोलवा त्यांना,’ म्हणाले.

काठी टेकत नवऱ्याचे वडील आले. लुकडे, ताठ, डोळ्यांत मिश्किल चमक. मामांनी त्यांना चौकोनाशी नेलं. काचेखाली पाणी अडवायला चार बोटं उंच दगडी पट्टी येणार होती, म्हणून तिथे मामांनी एक फरशी आडवी ठेवली. आजोबांनी पाय उचलला. तो फरशीला अडखळला. मामांनी पटकन दंड धरला.

‘साहेब, ही दगडी पट्टी नको, जमीन सपाट ठेवा,’ मामा म्हणाले. ‘आत एक स्टूल लागेल. भिंतीला धरायला दांडा लागेल. आणि दार आणखी रुंद हवं, यांच्याबरोबर कोणाला तरी आत जावं लागेल.’

‘स्टूल? दांडा?’ नवरा वैतागला. ‘हॉस्पिटल करायचंय का याचं? मामा, बाबांचा विचार करूच नका. ते काच बसेपर्यंतच आहेत इथे.’

‘अहो!’ बायको ओरडली. पण आता ओरडून काय उपयोग?

आजोबा चौकोनातच उभे होते. ‘कुठे जातोय मी?’ त्यांनी विचारलं.

साहेबांची बोबडी वळली. ‘तुम्हाला सांगणारच होतो, बाबा. खूप छान जागा आहे. नर्स असतात, बाग आहे, तुमच्या वयाचे लोक आहेत…’

‘बघून आलास?’

‘फोटो बघितलेत. एकदम स्वच्छ.’

‘न्हाणीघर कसं आहे तिथलं?’

मुलगा मोबाईलमध्ये फोटो शोधू लागला. सून फरशांकडे बघत राहिली.

‘या काचेसाठी महिनाभर दुकानं पालथी घातलीत दोघांनी,’ आजोबा म्हणाले. आवाज चढला नाही. ‘रोज रात्री जेवताना काच, काच, काच. ऐकून ऐकून मलासुद्धा सगळे प्रकार पाठ झाले. आणि बापाला ठेवायची जागा फोटोवरून पसंत केलीत.’

मामांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, आपण तेवढे विचारपूस करणारे शहाणे. आणि त्याच शहाणपणाने या म्हाताऱ्याला चारचौघांत उभं करून हे ऐकवलं! लाज वाटली त्यांना. मग त्या लाजेचा संताप झाला, आणि तो सगळा साहेबांकडे वळला.

साहेबांनी विषय बदलला. ‘बरं मामा, काच किती दिवसांत बसेल?’

‘माप घेतल्यापासून पंधरा दिवस,’ मामा म्हणाले. ‘आज मी माप घेणार नाही.’

‘म्हणजे? मग कधी?’

मामांनी मोजायची टेप खिशात टाकली. ते आजोबांचा दंड धरून उभे होते. आजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

‘तुम्ही याल का हो माझ्याबरोबर ती जागा बघायला?’ त्यांनी विचारलं. ‘तिथे गेल्यावर काय काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तर खोलीला खिडकी आहे का, एवढंच सुचेल.’

‘येतो की,’ मामा म्हणाले. ‘उद्या सकाळी दहाला तयार राहा. नाही पटली तर तसं तोंडावर सांगू.’

‘उद्या मला मीटिंग आहे,’ मुलगा म्हणाला.

त्याला कोणी विचारलं नव्हतं.