आधी वापरायचं, मग पाठवायचं

आमच्या इमारतीतून परदेशी गेलेली एकही वस्तू आजवर कोरी पोहोचलेली नाही आणि त्याचं सगळं श्रेय तळमजल्यावरच्या आजोबांना जातं. मुलांनो, तुम्ही त्यांना ‘कस्टमवाले आजोबा’ म्हणता, पण ते कस्टममध्ये कधीच नव्हते. गोदीतून व्यापाऱ्यांचा माल सोडवणाऱ्या एका एजंटाकडे त्यांची सारी नोकरी झाली. त्यातून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला: नव्या वस्तूवर ड्यूटी लागते, वापरलेलीवर लागत नाही. पण ‘वापरलेली’ असं खोटं लिहायचं नाही, म्हणून ते ती खरोखर वापरायला लावतात. अन्वी, मी तुला तिकडे पाठवलेलं खणाचं परकर-पोलकं तुझ्याआधी शेजारच्या चिमुरडीने मंगळागौरीत मिरवलंय. तुझ्या आईच्या पोळपाटावर पहिल्या पोळ्या आजोबांनीच लाटल्या; प्रत्येक पोळी वेगळ्या देशाचा नकाशा. शिवाय बांधलेला खोका ते हातात घेऊन हलवतात. “वहिनी, यात हवा फार आहे. हवेचं भाडं कशाला भरताय?” असं म्हणून सगळा खोका उसकटतात आणि फटीफटीत मेतकुटाच्या पुड्या कोंबतात. तुमच्या पुस्तकांना मेतकुटाचा वास का येतो, ते आता कळलं असेल.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला कॅनडात बाळ झालं. आजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याआधीच वारल्या होत्या, पण जाण्यापूर्वी आपल्या सुती साड्यांची एक गोधडी होणाऱ्या बाळासाठी शिवून ठेवून गेल्या. थंडीच्या आत ती पोहोचायला हवी होती. “साड्या जुन्या असल्या तरी गोधडी नवीच धरतील,” आजोबा म्हणाले, “थोडे दिवस पांघरतो, मग पाठवतो.”

दिवाळी झाली. एका संध्याकाळी मी डबा परत द्यायला गेले, तेव्हा मुलीचा फोन चालू होता.

“बाबा, पार्सल अडकलंय कुठे?”

“कस्टममध्ये,” आजोबांनी सांगितलं. गोधडी त्यांच्या खांद्यावर होती.

उभ्या जन्मात कागदावर एक खोटं अक्षर न लिहिलेला हा माणूस. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “भाऊजी, माल सुटणार कधी?”

ते गोधडीचा काठ चाचपत राहिले. “हिचा वास आहे हो अजून गोधडीला.”

“तिकडे बर्फ पडायला लागलाय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोका भरला. गोधडी चेपू नये म्हणून भला मोठा घेतला, मेतकुटाची एकही पुडी घातली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा हवेचं भाडं भरलं.

परवा मुलीकडून त्यांना पार्सल आलं. निळं लोकरी पांघरूण, वर चिठ्ठी: ‘बाबा, बाळाने वापरलंय.’ इथल्या कस्टमच्या साहेबांनी तरीही ड्यूटी लावलीच. सिद्धान्त कोसळला, पण आजोबा एका शब्दाने भांडले नाहीत. पांघरुणाच्या कोपऱ्याला दुधाचा डाग होता.

“द्या, धुऊन आणते,” मी म्हटलं.

“राहू द्या वहिनी,” त्यांनी ते जवळ ओढलं. “एवढ्यात नको.”