दोघींनी पाहिलेला पक्षी

कपाट आवरताना दुर्बिणीच्या चामडी पट्ट्याचा वास आला आणि राज्याच्या वाटणीनंतरची ती पक्षी पाहण्याची स्पर्धा आठवली. तळी वाचवायला निधी जमावा म्हणून ती भरायची. आम्हा दोघींच्या टीमचं नाव दिलेलं होतं, पण आमच्या सरकारी ऑफिसचीही दोन राज्यांत वाटणी झाली आणि टीममधली मैत्रीण बदली होऊन विजयवाड्याला गेली. बरकतपुऱ्यातल्या घरून मी एकटीच पहाटे तळ्यावर पोचले. शेवाळाच्या कुबट वासात, चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी समोर उतरला. सवयीने तिला कोपर मारायला गेले, तर शेजारी नुसतं धुकं. संध्याकाळी नोंद घेणाऱ्याने विचारलं, “साथ में कौन देखे, मॅडम?” टीममधल्या दोघांनी पाहिलेलाच पक्षी मोजणीत धरायचा, असा नियम होता. “कोई नहीं,” मी म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं. अजूनही गच्चीवर साधा खंड्या बसला, तरी माझं कोपर आधी बाजूला जातं.