अंगठेमामा आणि गोलकीपरचा खांदा

अंगठेमामांचं खरं नाव क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असं कुणाला कधी वाटलंही नव्हतं. ते खेळाडूंना मालिश करायचे. दोन्ही हातांचे अंगठे रुंद, चपटे, बाहेरच्या बाजूला वळलेले. लोकांच्या पाठी दाबून दाबून ते तसे झाले, की मुळात तसे होते म्हणून मामांनी हा धंदा धरला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते अंगठे मांडीत रुतले की मैदानावर दादागिरी करणारा गडीसुद्धा "अगं आई गं" म्हणत टेबलाच्या कडा धरायचा. मग मामा खूश. "ओरड, ओरड," म्हणायचे, "इथं पत्रकार येत नाहीत."

त्यांची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होती. छत एका बाजूला उतरत गेलेलं, त्यामुळे उंच खेळाडूंना आत येताना मान वाकवावी लागे आणि मामांना उगाच मान मिळाल्यासारखं वाटे. दोन टेबलं, टॉवेलांची चळत, तेलाच्या बाटल्या आणि कोपऱ्यात लाकडी वाफेची पेटी. पेटीत माणूस बसवायचा, झाकण लावायचं, डोकं तेवढं बाहेर. समोरच्या बाजूला डॉक्टरांची खोली. ती मात्र पांढरीशुभ्र, सरळ छताची.

मामांचा देवावर होता तेवढाच विश्वास घामावर होता. अंगात जे काही वाईट साचतं ते घामावाटे जातं, हे त्यांचं सगळं शास्त्र. कुणी लग्नात जास्त जेवून आला, घाल पेटीत. कुणाला सर्दी, घाल पेटीत. एकदा एका बचावपटूची सोयरीक मोडली तेव्हाही त्यांनी त्याला पेटीत घातलं होतं, आणि तो रडला ते वाफेत कुणाला दिसलं नाही, एवढा फायदा झाला.

गांजाचं नाव काढलं की मात्र मामांच्या कपाळाची शीर उडायची. त्यांचा थोरला भाऊ गांजापायी वाया गेला होता. भांडला नाही, चोरी केली नाही. नुसता दाराशी बसून हसत राहिला, आणि घराचं सगळं ओझं मिसरूड न फुटलेल्या मामांच्या मानेवर येऊन पडलं. त्या हसण्याचा राग मामांच्या डोक्यातून कधी गेला नाही. म्हणून लीगने नियम काढला, लघवीत गांजा सापडला तर खेळाडू दोन हंगाम बाहेर, आणि ठाऊक असून गप्प राहिलेला नोकर कायमचा बाहेर, तेव्हा कँटीनमध्ये टेबल बडवणारे मामाच होते.

"दोन कशाला? जन्मभर हाकला," ते म्हणाले.

सहाय्यक कोच शांतपणे म्हणाला, "मामा, गांजा ओढून कोण जोरात पळतो? सुई टोचून दुखरा पाय मैदानात उतरवला तर चालतं. बिअरच्या कंपनीचं नाव छातीवर मिरवतो आपण. मग हाच एक गुन्हा कसा?"

"तुमच्या घरात गांजेकस नव्हता, म्हणून सुचतंय हे," मामा म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

आता गोलकीपर. क्लबातला सगळ्यात शहाणा मुलगा. मुलगा म्हणायचं एवढंच, तिशी ओलांडलेली होती. उजवा खांदा दोनदा निखळलेला. हवेत झेपावून त्याच खांद्यावर पडायचं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. डॉक्टर सामन्याआधी सुई द्यायचे, सामन्यानंतर गोळ्या. सगळं नियमात बसणारं. त्या गोळ्यांनी त्याच्या पोटाची अशी वाट लावली, की एकदा मालिश अर्धी टाकून तो मोरीत धावला आणि मामांनी पाहिलं, बेसिन लाल झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांचा रंग बदलून दिला. पिवळ्याच्या जागी निळ्या.

मग काही आठवड्यांनी त्याचा खांदा मामांच्या हाताखाली सैल लागायला लागला. झोप लागत असावी, डोळे स्वच्छ दिसत होते. मामांना बरं वाटलं. आणि मग एके दिवशी त्याच्या केसांना तो वास आला. तो वास मामांनी मेल्यावरही ओळखला असता.

त्यांनी दार लावून घेतलं. "कधीपासून?"

गोलकीपर खोटं बोलला नाही. "गोळ्या सोडल्या तेव्हापासून. झोपताना थोडा, मामा. नाहीतर खांदा झोपूच देत नाही."

"माझा भाऊसुद्धा थोडाच म्हणायचा."

"तुमच्या भावाला कुणी लाथ घालून चेंडू मारत नव्हतं," गोलकीपर म्हणाला. मामांना ते झोंबलं. कारण ते खरं होतं.

नियमाप्रमाणे त्याच दिवशी वर जाऊन सांगायला हवं होतं. कँटीनमध्ये टेबल बडवलेला माणूस तो हाच. पण मामा गेले नाहीत. गोलकीपरच्या बायकोलाही कळलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तोलून बोलणारी बाई. तिनं एकाच वाक्यात निकाल लावला होता, ते तरी सोड नाहीतर मला तरी. त्यानं गांजा सोडला. मामांना येऊन सांगितलं, आणि मामांना ते सांगण्याआधीच खांद्यावरून कळलं होतं, कारण खांदा पुन्हा लाकडासारखा झाला होता.

"पण मामा, अंगात राहतो म्हणतात. आठवडेच्या आठवडे. तपासणीवाले या महिन्यात येणार."

"अंगात राहतो ना? मग काढू बाहेर," मामा म्हणाले. जणू अडकलेलं बूचच होतं ते.

रोज सराव झाला की त्याला पेटीत बसवायला लागले. बाकीच्यांना सांगायचं, खांद्याला शेक. तो घामाघूम होऊन बाहेर आला की मामा टॉवेल पिळून दाखवायचे. "बघ, चाललंय." आणि पाणी तोडलं. पाणी प्यायलं की घाण पुन्हा अंगात पसरते, हा मामांचा सिद्धांत. सामन्याच्या दिवशीसुद्धा सकाळी पेटीत बसवलं आणि ताकीद दिली, "तोंड ओलं करायचं, गिळायचं नाही. तपासणी झाली तर ती होईपर्यंत घोट घ्यायचा नाही." गोलकीपरनं मान हलवली. डॉक्टरांचं तो आता ऐकत नव्हता, मामांचं ऐकत होता.

मध्यंतरात लीगचा माणूस आला. खेळाडूंच्या क्रमांकांच्या चकत्या पिशवीत घालून त्यानं दोन काढल्या. त्यातली एक गोलकीपरची निघाली. सामना संपल्यावर तपासणीवाला पाण्याच्या बंद बाटल्या घेऊन त्याच्याशेजारी बसला. "घ्या, घ्या, वेळ लागत असेल तर." गोलकीपर नको म्हणाला. ओठांना भेगा पडल्या होत्या, तरी नको म्हणाला. शेवटी कशीबशी जी लघवी झाली ती काळ्या चहासारखी. मामा दाराबाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभे होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

निकाल आला. मर्यादेच्या वर. कितीसा वर? केसभर. पण केसभर गुन्हेगार असा काही प्रकार लीगच्या पुस्तकात नव्हता.

चौकशी समितीपुढे गोलकीपर एकच वाक्य बोलत राहिला, "मी ओढत होतो, पण मी सोडला होता." समितीतले एक गृहस्थ हसले. "सगळे सोडलेलेच असतात," ते म्हणाले. त्याच समितीनं त्याच महिन्यात दारू पिऊन एका म्हाताऱ्याला गाडीखाली घेणाऱ्या कप्तानाला समज देऊन थोडक्यात सोडलं होतं. म्हाताऱ्याचा पाय गेला, कप्तानाचा एक सामना गेला. गोलकीपरचे दोन हंगाम गेले. क्लबानं करार मोडला आणि वर पत्रकं काढून युवापिढीची काळजी वाहिली.

समितीचा निकाल लागला त्या संध्याकाळी डॉक्टर हात धुता धुता मामांना सहज म्हणाले, "नवल आहे. इतक्या आठवड्यांनी एवढं दिसायला नको होतं. लघवी फार घट्ट होती. पाणी कमी पडलं की प्रमाण चढतं. दोन बाटल्या प्यायला असता तर बहुतेक सुटला असता."

मामांची नजर दारातून समोरच्या पेटीकडे गेली. डॉक्टरांनी मागे वळून पेटीकडे पाहिलं, मग मामांकडे. डॉक्टर मूर्ख नव्हते.

"बोलू नका कुठे," ते हळूच म्हणाले. "वाफ दिली, पाणी तोडलं म्हणालात, तर तपासणी चुकवायचा डाव ठरेल. त्याची शिक्षा दुप्पट होईल. आणि तुम्हाला ठाऊक होतं हे उघड झालं तर तुम्हीही गेलात."

मामांनी त्यातलं पहिलं कारण उराशी धरलं आणि दुसरं खिशात घातलं. माणूस असंच करतो. घरी मामींनी विचारलं, "अहो, जेवत का नाही?" तर म्हणाले, "त्याच्या भल्यासाठी गप्प बसलोय." मामींना काही कळलं नाही. त्यांनी ताट झाकून ठेवलं.

इथपर्यंत एक वेळ माफ करता येईल. समितीपुढे बोलून खरंच नुकसान झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात गोलकीपरची बायको आली. त्या वाकड्या छताखाली दुकानाचा कोट अंगात तसाच ठेवून उभी राहिली.

"मामा, मला कुणाला सांगायचं नाहीये. मला फक्त माझ्यासाठी हवंय. तो म्हणतो, मी सांगितलं त्या दिवसापासून हात लावला नाही. कागद म्हणतो, लावला. तो रोज तुमच्या हाताखाली असायचा. खरं सांगा, त्यानं सोडला होता का?"

एक ‘हो’ पुरे होता. त्या एका ‘हो’नं तिला दार उघडून घरी जाता आलं असतं. पण हो म्हणायचं म्हणजे आधी मला ठाऊक होतं हे कबूल करायचं. आणि आज ती कुणाला सांगणार नाही, उद्या वकिलाला सांगेल, वकील लीगला सांगेल. मामांच्या डोळ्यांसमोरून सगळी साखळी धावली आणि शेवटी त्यांची स्वतःची रिकामी खोली दिसली.

"मला काय माहीत, बाई," मामा म्हणाले. "मी खांदे चोळतो. माणसाच्या आत कोण शिरतं?"

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तपासणीच्या भिंगातून बघावं तसं. मग "बरं" म्हणून गेली. ती घरातूनही गेली, हे मामांना महिनाभरानं कँटीनमध्ये कळलं. "खोटारड्याबरोबर राहायचं नाही म्हणाली," कुणीतरी सांगितलं आणि साखर मागितली.

दोन हंगाम कुणासाठी थांबत नाहीत. क्लबचा नवा गोलकीपर पायानं अधू झाला तेव्हा साहेबांना जुन्याची आठवण झाली. स्वस्तात मिळत होता. तो परत आला, अंगानं उतरलेला, कानशिलं पांढरी. तपासणीत स्वच्छ. मान वाकवून आत आला आणि नेहमीच्या टेबलावर पालथा झोपला. "मामा, तुमच्या हाताची आठवण यायची बरं का," म्हणाला. "सगळ्यांनी तोंड फिरवलं, तुम्ही तेवढं माझ्यासाठी केलंत."

मामांचे अंगठे त्याच्या खांद्यावर थांबले. ते त्यांना झेपलं नाही. शिवी दिली असती तर झेलली असती. ते बोलायला लागले आणि एकदा लागल्यावर थांबले नाहीत: डॉक्टर काय म्हणाले, पाणी, घट्ट लघवी, सगळं. गोलकीपर तसाच पालथा ऐकत होता.

"म्हणजे माझ्या अंगात एवढं नव्हतंच," तो उशीत तोंड ठेवूनच म्हणाला.

"बहुतेक नव्हतं रे. माझ्या अडाणीपणानं..."

"जाऊ द्या. तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं." तो खरंच तसं म्हणाला. भल्या माणसाची हीच पंचाईत, तो लगेच माफ करतो. मग त्यानं मान वर केली. "डॉक्टर तुम्हाला कधी म्हणाले हे?"

"निकाल लागला त्याच संध्याकाळी."

"आणि ती तुम्हाला विचारायला आली होती, ते कधी?"

मामांनी तेलाची बाटली उगाच सरळ केली. "नंतर," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात."

गोलकीपर उठून बसला. तेलकट खांद्यावर शर्ट चढवायला लागला. उजवा हात वर जाईना, बाही कोपरात अडकली. मामांनी सवयीनं हात पुढे केला.

"हात लावू नका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तिचं पुन्हा लग्न ठरलंय. आता तिला काही सांगायला जाऊ नका."

अर्धा शर्ट घातलेल्या अवस्थेतच तो बाहेर पडला आणि समोरचं पांढरं दार त्यानं ठोठावलं. मामांना आतून ऐकू आलं, डॉक्टर विचारत होते, मालिश झाली का.

"नको मालिश," गोलकीपर म्हणाला. "सुईच द्या."