नानांनी ‘घे’ म्हटलेली गाडी

कुणाचीही गाडी बघायला गेले की नाना आधी मालकाला नमस्कार करत नसत. आधी बोनेटवर तळहात ठेवायचे. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, उलटसुलट. बोनेट गार लागलं तर मग नमस्कार, नाव-गाव, पाऊसपाणी. नुसतं कोमट लागलं तरी चपला फिरवल्याच म्हणून समजा. “उद्या सकाळी येतो. तवर चालू करू नगा,” एवढंच म्हणायचे. मालक म्हणणार, अहो, आत्ताच दुकानापर्यंत जाऊन आलो. नाना म्हणणार, “व्हय, व्हय. पन गरम इंजिन लबाड असतंय. थंड असल्यावर कसं खोकतंय, ते आयकायचं असतं.” यावरून भिंगारमध्ये त्यांचं नाव थंडे नाना पडलं. खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

नाना लष्करी वर्कशॉपात सिव्हिलियन मेकॅनिक होते. माझे वडील, म्हणजे दादा, तिथेच ड्रायव्हर. आमच्या क्वार्टरची आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एकच. पुढे दोघांनी भिंगारमध्येच घरं बांधली, तीही एका गल्लीत. दोघांनी एकमेकांना कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. नाना दारातून ओरडायचे, “जयभीम डायवर!” आतून जबाब यायचा, “जयभीम मिस्त्री!” रिटायर झाल्यावर दादा घरी बसले. नानांना काही बसवेना. मग नगरात ज्याला कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तो त्यांना बोलवायला येऊ लागला. त्यातही मोठ्या विलायती गाड्यांवर त्यांचा भारी जीव. “नवी असताना साहेबाची, धा वर्सांनी दलालाची, आन् मंग हौशी मानसाची,” असा त्या गाड्यांचा प्रवास ते सांगायचे. हौशी माणसाची म्हणताना आवाज अगदी कनवाळू व्हायचा.

विकणाऱ्याच्या घरी ते चहा पीत नसत. “त्याचा च्या पिला की त्याची गाडी ग्वाड लागती.” आणि घ्या किंवा घेऊ नका, हे दोन्ही शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. काय काय निघालं ते बोटांवर मोजून सांगायचे आणि रेक्झिनची गुंडाळी काखेत मारून बाजूला व्हायचे. त्या रेक्झिनवर ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या शर्टात. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायचे, “माझं काम बगायचं. घ्यायचं का न्हाई ते तुमच्या बायकोला इचारा.” मला त्यांचा हा स्वभाव तेव्हाही पटत नसे. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर न लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापते.

आता गाडीचं. दादांना दुसरा झटका येऊन गेला आणि हृदयाचं पंपिंग फार कमी झालं. डॉक्टर म्हणाले, सांभाळा. सांभाळा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. घरी आल्यावर दादा एक दिवस सहज म्हणाले, “कोल्हारला अक्काकडं एकदा जाऊन यावं. मोठ्या गाडीतनं. मागं, डाव्या बाजूला बसून.” एकतीस वर्षं दादांनी साहेब लोकांच्या लांब काळ्या गाड्या चालवल्या. मागची डावी जागा साहेबाची. दादांनी तिथलं कव्हर झटकलं, पेपर ठेवला, पाण्याची बाटली ठेवली. बसायची गोष्टच नव्हती. मी म्हटलं, एक दिवसाची भाड्यानं आणू. तर म्हणाले, “भाड्याची नगं. दुसऱ्याच्या गाडीत जन्म गेला माझा.” माझ्या पगारात तशी नवी गाडी सात जन्मात आली नसती. दहा-अकरा वर्षांची जुनी येत होती. मी नानांना गाठलं.

पहिली गाडी सावेडीच्या एका दलालाकडची. काळी, चकचकीत. नानांनी बोनेटवर हात ठेवला. गार. माझा जीव भांड्यात पडला. पण नाना खाली वाकले आणि त्यांनी सायलेन्सरच्या नळीला बोट लावून झटक्यात मागे घेतलं. दलालानं आम्ही यायच्या आधी बोनेटवर चार बादल्या पाणी मारून ठेवलं होतं. नाना त्याला अगदी शांतपणे म्हणाले, “तोंड धुतलंस बाबा, पाय धुवायचं ऱ्हायलं.” आणि आम्ही चालते झालो.

दुसरी राहुरीच्या डॉक्टरांची. छताला सरकती काच असलेली. सगळं बघून झाल्यावर नानांनी डॉक्टरीणबाईंकडे तांब्याभर पाणी मागितलं. बाईंना वाटलं, म्हातारबा दमले. त्यांनी माठातलं थंडगार पाणी आणलं, वर पेला पालथा घालून. नानांनी पेला बाजूला ठेवला आणि अख्खा तांब्या छताच्या काचेच्या कडेला हळूहळू ओतला. बाई बघतच राहिल्या. “कडंच्या भोकातनं पानी चाकापाशी उतरायला पायजे,” नाना म्हणाले. ते उतरलं डॉक्टरांच्या मांडीवर, कारण डॉक्टर बिचारे आत बसून आम्हाला गाणी लावून दाखवत होते. मी इतकी हसले की गाडी हातची गेल्याचं दुःख घरी पोचल्यावर झालं. पायाखालच्या गालिच्याला कुबट वास होता, वायरी गालिच्याखालूनच गेलेल्या, आज ना उद्या दिवे-खिडक्या सगळं मनाला येईल तसं वागणार, असं नाना परतीच्या वाटेवर सांगत होते.

तिसरी फारच कमी पळालेली होती, आणि इथे मी चुकले. कमी पळाली म्हणजे चांगली, असं साधं गणित मी मांडलं. नानांनी आधी ब्रेकच्या पायट्याचं रबर बघितलं, स्टिअरिंगचं कातडं बघितलं; काहीच झिजलेलं नव्हतं, म्हणजे मीटरचा आकडा खरा होता. मग सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला. बाहेरचा भाग नवाकोरा, आतल्या टोकाला चिखलाची वाळलेली रेघ. कुठल्या तरी शहरात गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. “पट्टा कुनी एवढा वडत न्हाई, म्हनून धूत बी न्हाई,” नाना म्हणाले. “आन् पूर नसता तरी बसून ऱ्हायलेली हाय. बसल्या गाडीचं रबर वाळतंय, उंदरं वायरी खात्यात. थोडी पळालेली बरी असती, मास्तरीनबाई.”

मास्तरीणबाईंचा तिथंच स्फोट झाला. एव्हाना अडीच महिने गेले होते. “नाना, तुम्हाला पसंत पडेल अशी गाडी कंपनीतून तरी निघते का हो?” मी रस्त्यात ओरडले. “लोक घेतात, चालवतात, मजा करतात. आणि आपण चिखल शोधत फिरतोय!” नानांनी रेक्झिन या काखेतून त्या काखेत घेतलं. “तुज्या बापाला मधी रस्त्यात बंद पडलेल्या गाडीत बसवू का?” म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. तरी मी भिंगार येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

नाना रोज संध्याकाळी दादांच्या खाटेशी येऊन बसत. बघितलेल्या गाडीचं साग्रसंगीत वर्णन व्हायचं. दादांना हसायला यायचं, हसता हसता धाप लागायची, मग नाना पाण्याचा पेला पुढे करायचे. मला वाटायचं, नाना नुसते गप्पा मारायला येतात. दादा पूर्वी अंगणातल्या नळापर्यंत जायचे, आता उंबऱ्याशी टेकतात, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. एकदा नानांनी दादांच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबलेला मी पाहिला. अंगठा काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. नानांनी चादर ओढली आणि पारनेरला एक गाडी आहे म्हणाले.

पारनेरची गाडी एका कंत्राटदाराची होती. माणूस सरळ. नानांनी आदल्या संध्याकाळी जाऊन चाकाच्या वर किती जागा आहे ते वितीनं मोजून ठेवलं होतं. या गाड्यांना खाली स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या असतात; पिशवी फुटकी असली की रातोरात गाडी त्या बाजूला बसते. सकाळी आम्ही दोघं गेलो तेव्हा पुढची उजवी बाजू चांगली चार बोटं खाली आलेली. माझं तोंड पडलं. नानांनी तरी सगळं रीतसर केलं. थंड इंजिन ऐकलं, खाली सरकले, सुप्याच्या रस्त्याला वीसेक मैल फिरवून आणली, दुसरी चावी मागितली, सगळ्या खिडक्या चार-चारदा वरखाली केल्या. मग मला बाहेर लिंबाखाली नेलं आणि बोटं मोजायला लागले.

“हवंची पिशवी गेली. गिअरबॉक्स तापल्यावं झटका देतोय. इंजिनाच्या मागनं तेल पाझरतंय. तिन्ही कामं मोठी हायेत.”

“म्हणजे ही पण नाही,” मी म्हटलं.

“घे,” नाना म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्याकडून कुणी ऐकला नव्हता. मी म्हटलं, “अहो, आत्ता तुम्हीच तर तीन बोटं मोजलीत!”

“मोजली की. सा म्हयने तरी टिकंल. कोल्हारला जाऊन यील, दवाखान्याला जाईल. मधी बंद न्हाई पडायची, ते मी बगतो.”

“आणि सहा महिन्यांनी?”

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. “पोरी,” म्हणाले, मास्तरीणबाई नाही म्हणाले, “सा म्हयन्याच्या फुडची गाडी आपल्याला नगं.”

कंत्राटदाराच्या अंगणात, लिंबाखाली, मी सरळ रडले. दवाखान्यात नाही, रिपोर्ट हातात आले तेव्हा नाही, तिथं रडले. गल्लीतल्या सगळ्यांना जमलेली वजाबाकी गणिताच्या बाईंनी तेवढी केली नव्हती. नाना बाजूला उभे होते. डोक्यावरून हात फिरवणं वगैरे त्यांना जमत नसे. थोड्या वेळानं म्हणाले, “चल, त्याला हो सांग. मी तवर चाकांची हवा बगतो.”

पुढच्या रविवारी आम्ही कोल्हारला गेलो. नाना गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आणि मागे डाव्या बाजूला दादा, इस्त्रीच्या शर्टात. मनमाड रस्त्याचे खड्डे नाना असे चुकवत होते की मागून दादा म्हणाले, “मिस्त्री, गाडी बरी चालवतोस. ठेवून घेतो तुला.” नाना म्हणाले, “येस सर!” राहुरी येईपर्यंत दोघांचं हेच चालू होतं, दोन म्हातारी शाळकरी पोरं नुसती. अक्काआत्याच्या दारात गाडी थांबली. नाना उतरले, फिरून आले, मागचं डावं दार उघडलं आणि दार धरून ताठ उभे राहिले. दादा उतरेनात. त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला होता आणि कडी तिथं नव्हती, दार आधीच उघडलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यासाठी दार धरलेल्या माणसाला आपल्यासाठी दार धरल्यावर काय करायचं ते सुधरेना. “उतर की आता,” नाना हळूच म्हणाले. “साहेब लोक आधी उजवा पाय काढीत न्हाईत, डावा काढत्यात.” दादांनी डावा पाय काढला. आत्या भाकरतुकडा घेऊन आली, पण ओवाळायच्या आधीच भावाच्या गळ्यात पडून रडली.

अशा एकूण चार फेऱ्या झाल्या. दोन कोल्हारच्या, एक दवाखान्याची, एक उगीच, भिंगारच्या बाजारातून सगळ्यांना दिसावी म्हणून. पाचव्या फेरीला दादा नव्हते. गाडी आणून सात आठवडे झाले होते.

दहाव्या-बाराव्या दिवशी नाना आले आणि नेहमीच्या जागी बसले. खाट काढून टाकली होती, ते जमिनीवरच बसले. मग म्हणाले, “डाक्टरच्या गाडीत पानी गळत हुतं. मेनानं बुजवलं असतं मी. चाललं असतं.” “त्या टायमाला त्यो नळापत्तुर जात हुता. आनखी धा-बारा फेऱ्या झाल्या असत्या. चुकलं माझं. मी गाडी बगत बसलो.”

त्या वेळी मला म्हणता आलं असतं. नाही हो नाना, मीही तेच करत होते. तुम्ही निदान शेवटी त्यांच्याकडे बघितलंत, मी तेही केलं नाही. एवढी दोन वाक्यं होती. पण मला त्यांचा राग आला होता, खराखुरा, पोटातून. आणि ते स्वतःच कबूल करतायत म्हणून तो जास्तच आला. मी आत जाऊन भांडी घासत राहिले. बाहेर आले तेव्हा नाना गेले होते.

त्यानंतर त्यांनी कुणाचीच गाडी बघितली नाही. लोक यायचे, तर म्हणायचे, नजर गेली. नजर चांगली होती. दोन गल्ल्यांपलीकडून मी येताना दिसले तरी ते उठून आत जायचे. मीही हाक मारली नाही. आज मारू, उद्या मारू करत पावसाळा गेला, आणि दिवाळीच्या आधी एका पहाटे नाना झोपेतच गेले. माझा राग त्याच्या आधी महिनाभर मावळला होता. तेवढा महिना मला पुरला नाही.