उप्पला म्हटलं का हसू येते?

सकाळीच ऊन असं पेटलं होतं की नंदनवन वस्तीतल्या गल्लीत पाय ठेववत नव्हता. बायजाबाई पाइप लावून कुलर भरत होती. टाकी भरून पाणी अंगणात वाहू लागलं, तरी तिचं ध्यान नव्हतं.

संध्याकाळी नातीचं नाव ठेवायचं होतं. बुद्धवंदना झाली की आत्या, म्हणजे बायजाबाईची लेक प्रीती, नाव सांगणार. तोवर ते घराबाहेर फुटू द्यायचं नाही, अशी रीत. सुनेनं, दीक्षानं, नाव काढलं होतं उप्पला.

"पालीतलं आहे, आई. संस्कृतात उत्पल. म्हणजे कमळ. तिबेटातबी उत्पलच म्हणतात."

बायजाबाईचा जीव कमळात नव्हता, हसणाऱ्या पोरांत होता. तिच्या भावाआधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून दृष्ट लागू नये असं नाव बापानं ठेवलं, धोंडबा. शाळेत पोरं त्याला पाहून गोट्यावर गोटा वाजवत. चौथीतच त्यानं दप्तर फेकलं, ते पुढं जन्मभर वीटभट्टीवर.

दीक्षा लेकराला न्हाऊ घालायला बसली, तशी बायजाबाई सटकली. शेजारची पार्वतीबाई तेलुगू.

"पार्वती, उप्पला म्हटलं का तुमच्यात काय येते वं डोक्यात?"

"उप्पु म्हणजे मीठ. काहून?"

मीठ! बायजाबाई तशीच चक्कीवाल्या सरदारजीकडे गेली. तो म्हणाला, "उप्पल तो हमारे में सरनेम होता है, मौसी." मग भाजीवाली, मग किराणावाला. विचारायचं आणि समोरच्याचे ओठ हलतात का ते पाहत राहायचं.

घरी परतली, तर तिच्या मागोमाग चार बाया दारात.

"कुठं हाय आमची उप्पला?"

दीक्षा ओल्या हातानंच बाहेर आली. "आई! नाव गल्लीभर वाटून आल्या? आता प्रीतीताई संध्याकाळी काय सांगतीन, पोलिओची तारीख?"

"म्या फक्त अर्थ इचारला वं."

"तो तर मी सांगतला होता."

"तुह्या कमळानं झोप नाही लागत मले. धोंडबाचे हाल पायले म्या. हिले कोणी हासते का, तेवढंच पाहून राहिली होती."

दीक्षाचा आवाज उतरला. "मंग? हासलं का कोणी?"

बाया पाळण्याभोवती वाकल्या होत्या. "उप्पला, इकडे पाय वं!"

"नाही. पण शाळेतली पोरं..."

"शाळेले लय टाइम आहे. ताईले फोन लावा. नाव फुटलं म्हणून तुम्हीच सांगा."

बायजाबाईनं फोन उचलला आणि "आली का सांगीन तिले" म्हणत खाली ठेवला. मग सूप ओढून खिरीचे तांदूळ निवडायला बसली.