नदीकडचं दार कुणी उघडलं

मी धारखेड सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर जाण्याआधी बाबांनी मला वेशीपाशी थांबवलं. माझ्या पर्समध्ये दिल्लीच्या सरकारी नोकरीचं पत्र होतं, त्यांच्या खांद्यावर माझी ट्रंक. तिथल्या निजामाविरुद्धच्या लढ्याच्या स्तंभावर कोरलेली नावं त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. पहिलं नाव गावच्या देशमुखांचं होतं. माझ्या आज्याचं, सखारामचं, कुठंच नव्हतं.

"दिल्लीत जुन्या संस्थानांचे कागद असतात म्हणे," बाबा म्हणाले. "नोकरी कर, पण तेवढं बघ."

रडारड झाली नाही. बस लागली आणि मी चढले.

गावात राहिलेल्या तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण तुमच्या मुलांना नाही, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तर विसरायलाच बाहेर पडले. म्हणून सांगते. निजामाचं राज्य होतं. लोकांना निवडून दिलेलं सरकार आणि कायद्याचं राज्य हवं होतं. धारखेडनं चारी वेशी बंद केल्या आणि निजामी फौजेला आठ दिवस बाहेर ठेवलं. ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांना लागणारी दारू माझा आजा बनवायचा. तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावणारा. एरवी ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हातची दारू त्या आठ दिवसांत सगळ्यांना चालली. धान्य संपलं तेव्हा लोकांनी चिंचोके भाजून खाल्ले, पण वेस उघडली नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी नदीकडचं छोटं दार आतून उघडलं गेलं. फौज आत आली. दोन दिवसांनी आज्याला महारवाड्यातून ओढत आणून चौकात गोळी घातली. तेव्हा माझे बाबा आठ वर्षांचे होते. दार कुणी उघडलं ते गावाला माहीत होतं, कारण त्याची किल्ली एकाच घरात असायची. पण पुढं संस्थान गेलं आणि देशमुख स्वातंत्र्यसैनिक झाले. माझी आजी, चौकात मारलेल्या त्या सखारामची विधवा, देशमुखांच्या शेतात जन्मभर खुरपत राहिली. ती त्यांच्यासमोर कधी बसली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दिल्लीत मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. ऑफिसात नोटिंग इंग्रजीत, बाहेर सगळं हिंदीत. मुलगा 'खुरपणं' म्हणजे काय ते विचारायचा आणि मी सांगेपर्यंत खेळायला पळायचा. कागद मात्र मी सोडले नाहीत. हाफ डे टाकून अभिलेखागारात जायचे. तिथं कळलं की धारखेडच्या फायली आहेत, पण उर्दूत. मग करोल बागेत एक निवृत्त मास्तरसाहेब शोधले आणि त्यांच्याकडे दोन हिवाळे उर्दू शिकले. अलिफ गिरवताना ते एकदा म्हणाले, "बेटी, इस उम्र में शायरी का शौक?" मी हो म्हटलं. खरं कारण सांगायला लाज वाटली नाही, पण ते माझ्याजवळच ठेवायचं होतं.

कागद सापडला तेव्हा बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो देशमुखांनी दार उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी निजामी फौजेच्या अधिकाऱ्याला स्वतःच दिलेला अर्ज होता, खाली सही. दार आपण उघडून दिलं, त्याची कदर व्हावी, अशी विनंती होती. आणि पुढं लिहिलं होतं, की बाकीच्यांना माफी दिली तरी चालेल, पण सखाराम या दारू बनवणाऱ्याला सोडू नये, त्याच्यामुळंच गाव इतके दिवस लढलं. माझा आजा लढला याचा जगातला एकमेव पुरावा त्याला मारायला सांगणाऱ्यानं लिहून ठेवला होता. मी प्रमाणित प्रत घेतली आणि थांबले. बरीच वर्षं थांबले.

मी निवृत्त होऊन मुलाकडे गुरुग्रामला राहायला आले, तेव्हा देशमुखांचा नातू रणजितही तिथंच राहतो असं कळलं. त्यानं आजोबांवर पुस्तक काढलं आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रकाशन ठेवलं. गाववाली म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, छोड ना यार, इतकी वर्षं झाली." मी इस्त्रीची साडी नेसले आणि गेले.

माइकवर मी तो अर्ज आधी उर्दूत वाचला, मग मराठीत. रणजित उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आधी मला सांगायचं होतं ना."

"सांगितलं असतं, तर मला बोलावलं असतं का?"

पहिल्या रांगेत त्याची नव्वदीची आत्या बसली होती, देशमुखांची मुलगी. कुणी विचारलं नसताना ती बोलली. "बाबांनी त्या दुपारी किल्ली मागितली. ती मीच आणून दिली. मला वाटलं, माणसांना पाण्याला सोडतायत."

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या आजीच्या वाकलेल्या पाठीनं ती सगळी वापरून टाकली होती.

रणजित मला कॅबपर्यंत सोडायला आला. आज्याचं नावही स्तंभावर घालून घेऊ, नगरपालिकेत आपली ओळख आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, "त्यांच्या नावाखाली माझ्या आज्याचं नाव नको. आधी ते काढा."

त्यानं काढलं नाही. मग मी कागदाच्या प्रती कलेक्टरला, नगरपालिकेला आणि देशमुखांच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवल्या. मेलेल्या माणसाशी कसलं वैर, असं गावातून फोन करून सांगणारेही भेटले. तो मानानं, अंथरुणावर, म्हातारा होऊन मेला. वैर त्याचंच आहे, असं मी त्यांना सांगितलं. पावणेदोन वर्षांनी ते नाव छिन्नीनं उडवलं गेलं आणि सखाराम लिंबाजी कोरलं गेलं. चुलतभावानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मला शांत वगैरे वाटलं नाही. आनंद झाला, उघड आनंद, आणि मी त्याला छिन्नी पुन्हा जवळून दाखव म्हटलं.

आता तो विचारतो, ताई, घरी कधी येतेस. दिल्लीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका घरमालकानं आडनाव ऐकून मला खोली नाकारली होती. आज त्या माणसाचा चेहरा आठवत नाही. वर्षभरात मी तो विसरूनही गेले. दिल्लीवर मला कधी टिकून राग आलाच नाही. धारखेडवर मात्र येतो, अजूनही, गप्प बसलेल्या एकेका घराचं नाव घेऊन येतो. माझं घर तेच असणार. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. त्या घरांसमोरून मी पायी जाणार आहे, सावकाश.